माळीपुऱ्याची पासष्ट मिनिटं

धामणखेडच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर वच्छलाबाईचं नाव पहिल्यांदा लागलं ते चोर म्हणून. चोर हा शब्द लिहिलेला नव्हता, तेवढी हिंमत कागदाला नसते. रंगीत छापलेला एक आलेख होता, चार उभे खांब. बाजार चौक पंचवीस मिनिटं, पाटीलपुरा पंचवीस, नवी वस्ती पंचवीस, हे तीन निळे. आणि मधोमध माळीपुरा, पासष्ट मिनिटं, लालभडक, बाकीच्यांच्या डोक्यावरून पार वर गेलेला. खाली बारीक अक्षरात 'पाणी सोडणारी : वच्छला पुंजाराम'. आता वच्छलाबाई राहते माळीपुऱ्यातच. पुढचं समजायला शाळेत जायची गरज नव्हती. दुपारपर्यंत टपरीवरच्या माणसांनीही समजून घेतलं होतं.

धामणखेड हे चांदूर रेल्वेच्या बाजूचं, अकरा गावांच्या पाणी योजनेतलं एक गाव. गावात एक उंच टाकी, टाकीखाली चार चेंबर, चार वस्त्यांचे चार व्हॉल्व्ह. सकाळी एकामागून एक व्हॉल्व्ह उघडायचा, वेळ झाली की बंद करायचा, आणि कधी उघडला कधी बंद केला ते रजिस्टरात लिहायचं. हे काम सात वर्षं झाली, वच्छलाबाई करते. त्याआधी तिचा नवरा पुंजाराम करायचा. एका सकाळी ओल्या पायरीवरून तो चेंबरमध्ये उतरण्याऐवजी पडला आणि गुडघा कायमचा गेला. दुसऱ्या दिवशी पाणी कोण सोडणार म्हणून गावाने एकमेकांची तोंडं बघितली, तेव्हा ही बाई नवऱ्याची लोखंडी चावी खांद्यावर टाकून टाकीखाली आली. चावी म्हणजे कुलपाची नव्हे. कमरेएवढा उंच लोखंडी दांडा, वर आडवी मूठ, खाली व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसणारी चौकोनी खोबण. दोन हातांनी अंग टाकून फिरवावी लागते.

तेव्हा बाजार चौकातले चारपाच जण मुद्दाम बघायला उभे होते. त्यातला एक बोलला, "बाईच्या हातचं पानी पुरते का गा गावाले?"

वच्छलाबाईने चावी बसवली, वर न बघता म्हणाली, "घरी कोनाच्या हातचं पेता?"

त्यानंतर कोणी बघायला आलं नाही.

नववीपर्यंत शिकलेली बाई. अक्षर मोठं, गोल, आणि आकडा असा लिहिणार की लांबून वाचावा. नवऱ्याचं मनगटी घड्याळ तिने डाव्या हातात बांधलं ते आजही आहे, रोज रेडिओच्या बातम्यांशी लावून घेते. सहाला बाजार चौक. सहा पंचवीसला पाटीलपुरा. सहा पन्नासला माळीपुरा. सात पंधराला नवी वस्ती. सात चाळीसला टाकी बंद. प्रत्येकाला पंचवीस मिनिटं, एक कमी नाही, एक जास्त नाही. एकदा तिच्या सख्ख्या जावेचा, जयवंताचा ड्रम अर्धाच भरला होता आणि हिने व्हॉल्व्ह बंद केला. जयवंता चार महिने बोलली नाही. माळीपुऱ्यात तिला लोक पाठीमागे 'घड्याळवाली' म्हणायचे, आणि त्या म्हणण्यात प्रेम नव्हतं.

तर अशा बाईवर आलेखाने ठपका ठेवला की ती स्वतःच्या वस्तीला रोज चाळीस मिनिटं जास्तीचं पाणी देते.

आलेख आला कुठून, तर योजनेच्या कचेरीने यंदा डॅशबोर्ड घेतला होता. अकोल्याच्या कोण्या पोरांनी बनवून दिलेला. गावोगावची रजिस्टरं ग्रामपंचायतीत संगणकावर चढवायची आणि साहेबांनी मोबाइलवर रंगीत खांब बघायचे. टाकीखाली येऊन चिखलात पाय घालण्यापेक्षा ते सोयीचं होतं.

संध्याकाळी गावच्या पाणी समितीचा अध्यक्ष योगेशभाऊ माळीपुऱ्यात आला. पाटीलपुऱ्याचा माणूस, चाळिशीचा, गाडीवरून उतरताना आधी मोबाइल काढणारा. ओट्यावर पुंजाराम पाय लांब करून बसला होता. योगेशभाऊने नोटीस आणि तिच्या उत्तराचा तयार कागद पुढे केला.

"वच्छलाबाई, वाद नाई करायचा आपल्याले. इथं सही करा. 'नजरचुकीने माळीपुऱ्यास जादा पाणी सोडले' एवढंच हाये. पंधरा तारखेच्या सभेत ठेवून देऊ. समज देऊ अन् विषय संपला."

"अन् माळीपुऱ्याचं काय?"

"माळीपुऱ्याले काही दिवस दहा मिनिटं. बराबरी नको का व्हायले?"

"सही नाई केली तं?"

"तं काढा लागते. मी नाई काढत, योजना काढते. शेजारच्या पिंपळझिऱ्यात पाणी सोडणाऱ्या चंद्रभाननं केली ना सही. तिथंबी असंच निंगालं. काही बोलला नाई बिचारा."

"चंद्रभानले बोलता येत नसन," वच्छलाबाई म्हणाली. "मले येते. कागद घेऊन जा."

योगेशभाऊ हसला. "बाई, माणूस खोटं बोलते. कंप्युटर बोलत नाई."

"मंग त्यालेच पानी सोडाले लावा."

तो गेल्यावर पुंजाराम बराच वेळ गुडघा चोळत राहिला. मग हळूच म्हणाला, "एखांद्या वेळेस झोपेत राह्यला असन व्हॉल्व्ह उघडा?"

ती त्याच्याकडे अशी बघायला लागली की त्याने दुसरा गुडघा चोळायला घेतला. "पासष्ट मिनिटं माळीपुऱ्याले गेले असते," ती म्हणाली, "तं नव्या वस्तीले सोडाले टाकीत राह्यलं काय असतं? हवा? त्या वस्तीतलं एक मानूस आलं का कधी सांगाले, की आज पानी नाई आलं?"

पुंजारामने मान डोलावली. पण टाकीचं गणित कागदावर नव्हतं, आणि गावात आता कागद चालत होता.

दुसऱ्या दिवशी, अठ्ठावीस तारखेला, टाकी भरायला उशीर झाला, वीज मध्येच गेली होती. वच्छलाबाईने सहाच्या ऐवजी सहा दहाला पहिला व्हॉल्व्ह उघडला. बाकी सगळं दहादहा मिनिटांनी पुढे सरकलं. प्रत्येकाला पंचवीसच. आणि रजिस्टर घेऊन ती सरळ ग्रामपंचायतीत गेली.

तिथे संगणकावर करिश्मा बसते. दोन लेकरांची माय, तिशीची, टंकलेखनाला हात चालता आणि तोंड त्याहून चालतं. वच्छलाबाईने खुर्ची ओढली.

"माह्या नोंदीत तू काय टाकून राहिली ते दाखव मले."

"मावशी, माह्यावर काहून चिडता? तुमी लिवता तेच टाकतो." तिने रजिस्टर शेजारी ठेवलं, पडद्यावर बोट ठेवलं. "हे पाहा. माळीपुरा. सुरू सहा पॉइंट पन्नास, बंद सात पॉइंट पंधरा. आहे का चूक?"

"पॉइंट काय? सहा पन्नास म्हन."

"तेच ते."

तेच ते नव्हतं, पण हे दोघींनाही अजून कळलेलं नव्हतं. करिश्माने त्या दिवशीच्या नोंदी चढवल्या आणि दिवसाचा आलेख उघडला. चार खांब उभे राहिले. वच्छलाबाई बघतच राहिली. माळीपुरा निळा, पंचवीस मिनिटं, शहाण्या पोरासारखा उभा. आणि लाल, पासष्ट मिनिटांचा, आभाळाला भिडलेला खांब पाटीलपुऱ्याचा.

"हे काय वं?" करिश्मा म्हणाली. "आज पाटलाइले सोडलं का तुमी?"

"पंचवीस सोडलं. सहा पस्तीस ते सात."

"मंग पासष्ट कसं?"

"कालवरी हेच मी इचारत होती. आता तू इचारून राहिली. लाव मोबाइलमधलं कॅल्क्युलेटर. सातातून सहा पस्तीस काढ."

करिश्माने बोटं चालवली. सात वजा सहा पॉइंट पस्तीस. उत्तर आलं शून्य पॉइंट पासष्ट.

"सहा पस्तीसपासून सात वाजाले किती मिनिटं लागतात?"

"पंचवीस," करिश्मा म्हणाली, आणि तिचा हात तिथेच थांबला.

काय झालं होतं ते सांगायला इंजिनिअर लागत नाही. आपण सगळे वेळ लिहितो ती टिंब देऊन. ६.५० म्हणजे सहा वाजून पन्नास मिनिटं, हे शेंबडं पोरही जाणतं. पण त्या डॅशबोर्डाला कोणी सांगितलंच नव्हतं की हा घड्याळाचा आकडा आहे. त्याने तो साधा आकडा धरला, तागडीवरच्या वजनासारखा. त्याच्या लेखी सहा एकोणसाठनंतर सात वाजत नाहीत. सहा साठ होतात, सहा एकसष्ट, सहा सत्तर, असं करत थेट सहा नव्व्याण्णवपर्यंत. त्यामुळे ज्या वस्तीची पाळी एका तासात सुरू होऊन त्याच तासात संपते तिचा हिशेब बरोबर यायचा. आणि ज्या वस्तीच्या पाळीत मध्येच सात वाजायचे, तिच्या नावावर चाळीस मिनिटं जादा चढायची. जी चाळीस मिनिटं जगातल्या कुठल्याच घड्याळात नाहीत, ती रोज माळीपुऱ्याने प्यायली असं छापून आलं होतं.

वच्छलाबाई त्याच पावली योगेशभाऊकडे गेली. त्याने ऐकून घेतलं. म्हणजे मोबाइलमध्ये बघत हूं हूं केलं.

"बाई, अकरा गावाचा डॅशबोर्ड हाये. साहेबाइनं पाह्यला, जिल्ह्यावर दाखवला. इतक्या लोकाइले नाई दिसली ते चूक तुमाले दिसली?"

"त्याइच्यावर नाव नोतं ना छापलं. माह्यावर छापलं. म्हून मी पाह्यलं."

"नववी शिकून कंप्युटरच्या चुका काढता मंग," तो म्हणाला, आणि हसण्यासाठी आजूबाजूला बघितलं. ओसरीवरची दोन माणसं हसली.

तिथे ती चिडून काहीबाही बोलली असती तर समितीला बरंच झालं असतं. तिला राग येत नाही असं नाही, चांगला येतो, नळाला मोटर लावणाऱ्यांना विचारा. पण त्या दिवशी ती नुसती चपला घालून निघाली. घरी येऊन पुंजारामला म्हणाली, "उद्या दुपारच्या गाडीनं मी अकोल्याले जाऊन राहिली. सकाळचं पानी सोडूनच जाईन."

डॅशबोर्डवाल्याचं ऑफिस जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, कापडाच्या दुकानावरच्या माडीवर होतं. पत्ता करिश्माने डॅशबोर्डाच्याच तळाशी शोधून दिला होता. वर दोन टेबलं, एक पंखा आणि अश्विन नावाचा पंचविशीचा मुलगा. वच्छलाबाईने काखेतलं रजिस्टर त्याच्यापुढे ठेवलं आणि काही न सांगता म्हणाली, "सातातून सहा पस्तीस काढून दाखव, बापा."

"कशाबद्दल, मावशी?"

"आधी काढ."

पोरगा हुशार होता. तिने रजिस्टराचं दुसरं पान उघडेपर्यंत त्याचा चेहरा उतरला. त्याने आपल्या संगणकावर काहीतरी उघडलं, खालीवर केलं, परत खालीवर केलं.

"मी सुरुवातीच्या ओळी तपासल्या होत्या," तो म्हणाला. "सहा ते सहा पंचवीस, उत्तर आलं शून्य पॉइंट पंचवीस. त्याले शंभरनं गुणलं अन् पुढे 'मिनिटं' लावलं. बरोबर दिसलं. म्हून तसंच खाली ओढलं."

"खाली ओढलं म्हंजे?"

"म्हणजे सगळ्या ओळींना तेच लावलं."

"सगळ्या ओळीइले म्हंजे अकरा गावाले."

त्याने पडदा तिच्याकडे वळवला. मग म्हणाला, "रकाना आकड्याचा धरला गेला, मावशी. वेळेचा धराले पाह्यजे होता. दोन मिनिटांचं काम आहे. पण योजनेचं पत्र लागते, त्याशिवाय मले हात लावता येत नाई. आणि राग नका मानू, तुम्ही लोकांनी मध्ये टिंब न देता दोन टिंबं दिली असती, एकावर एक, तं मशीनले कळलं असतं."

"अकोल्याच्या स्टँडवर गाड्याइच्या वेळा कशा लिवल्या हायेत?"

"टिंब देऊन."

"तुह्या घराच्या लग्नपत्रिकेवर?"

"टिंबच."

"मंग साऱ्या मुलखानं बदलायचं अन् तुह्या मशीननं बसून राह्यचं का?"

अश्विन ओशाळून हसला. "नाई. चूक माझी आहे. पत्र आणा, आत्ता बदलतो."

आणि इथे वच्छलाबाईने जे केलं ते त्या पोराला जाम कळलं नाही. ती उठली, रजिस्टर काखेत घेतलं आणि म्हणाली, "पंधरा तारखेच्या सभेवरी त्याले हात लावू नोको. कोनी पत्र देलं तरी नोको."

"चूक राहू द्यायची?"

"राहू दे. तिच्याशी काम हाये मले."

अकोल्याहून परतताना तिला चंद्रभानचा भाऊ भेटला, बडनेऱ्याच्या फलाटावर. त्याच्याकडून कळलं की चंद्रभानने सही केली तरी आठव्या दिवशी त्याला काढलंच. कागद दाखवून काढलं, त्याच्याच सहीचा. वस्तीतली माणसं आता त्याच्याशी नीट बोलत नाहीत, म्हणून तो दिवसा घराबाहेर निघत नाही. पिंपळझिऱ्यात पाणी सकाळी उशिरा सुटतं, आणि त्याच्या वस्तीच्या पाळीत बरोबर आठ वाजतात.

एक तारीख उजाडली. नव्या महिन्याचा नवा आलेख. वच्छलाबाईने त्या दिवसापासून पहिला व्हॉल्व्ह सहाला नव्हे, सहा दहाला उघडायला सुरुवात केली. नियमाप्रमाणे सहा ते आठच्या आत पाणी सुटलं म्हणजे झालं, दहा मिनिटांनी कोणाचं काही अडत नव्हतं. पाळी तीच, क्रम तोच, पंचवीस मिनिटं तीच. फक्त सात वाजायचे ते आता माळीपुऱ्यात वाजेनात. पाटीलपुऱ्यात वाजायला लागले. फलकावर आलेख महिनाअखेरीलाच लागायचा, तोवर तो उघडून बघायची तसदी कोणी घेतली नाही.

आणि तिने आणखी एक केलं. प्रत्येक वस्तीत पाणी बंद झालं की तिथल्याच एकाची रजिस्टरात सही घ्यायला लागली. पाटीलपुऱ्यात नळावर पहिली हजर असायची मैनाबाई, योगेशभाऊची आई. सत्तरीची, चष्म्याला दोरी बांधलेली, पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणारी.

"काहून वं वच्छले, आता पान्यालेबी सही कायले?"

"किती वेळ आलं त्याची, काकू. तुमीच घड्याळ पाहा अन् तुमीच लिवा. मी सांगत नाई."

मैनाबाईला हे भलतंच आवडलं. तिने घरातलं भिंतीवरचं घड्याळ दिसेल असं दार उघडं ठेवायला सुरुवात केली. रोज स्वतःच्या हाताने लिहायची, '२५ मिनिटे', खाली सही, आणि एकदोनदा शेरा, 'धार बारीक होती'. वच्छलाबाईने तो शेरा खोडला नाही.

"आमचा योगेश त्रास देऊन राह्यला म्हनतात तुले," एकदा म्हातारी म्हणाली.

"ते त्याइचं अन् माह्यं हाये, काकू. तुमी मिनिटं लिवा."

पंधरा तारखेला ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सभा भरली. समिती टेबलामागे, गाव सतरंजीवर, दारापाशी उभे राहणारे दारापाशी. योजनेच्या कचेरीतून एक साहेब आला होता. भिंतीवर टीव्ही लावलेला, करिश्मा संगणकापाशी. माळीपुऱ्यातल्या बाया एका बाजूला गच्च बसल्या होत्या, त्यात जयवंताही होती. पाणी दहा मिनिटांवर आणायची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती, आणि त्यांच्या तोंडावरून कळत नव्हतं की त्या वच्छलाबाईवर चिडल्यात की वच्छलाबाईसाठी.

योगेशभाऊ उभा राहिला. पारदर्शकता, शिस्त, सर्वांना समान पाणी, असं थोडं बोलला. मग म्हणाला, "आपण कोणावर आरोप करत नाई. आकडेच बोलतीन. करिश्मा, या महिन्याचा लाव. म्हंजे गावाले दिसन की नोटीस देऊनबी सुधारणा नाई."

करिश्माने लावला.

हॉलमधल्या माना टीव्हीकडे वळल्या. मग मागून पिंटू चहावाला म्हणाला, "भाऊ, हा तं तुमचा खांब हाये."

टीव्हीवर माळीपुरा पंचवीस मिनिटांचा निळा होता. पाटीलपुरा पासष्ट मिनिटांचा लालभडक.

योगेशभाऊने मागे वळून बघितलं, परत पुढे बघितलं. "चुकीचा लावला. मागच्या महिन्याचा लागला काई."

"मागच्या महिन्यात तं माळीपुरा लाल होता, भाऊ," करिश्मा म्हणाली. "हा याच महिन्याचा हाये. वर तारीख हाये ना."

"मंग या बाईनं मुद्दाम आमाले जास्त पानी सोडलं, मले बदनाम कराले."

आता वच्छलाबाई उठली. चावी तिने सोबत आणली होती, ती भिंतीला टेकवून ठेवली, आणि रजिस्टर घेऊन टेबलापाशी गेली.

"पाटीलपुऱ्याले रोज पासष्ट मिनिटं पानी भेटलं म्हनता?"

"आलेख म्हणते."

"आलेखाचं सोडा. हे पाटीलपुऱ्याचंच मानूस म्हनते की पंचवीस भेटलं. रोजच्या रोज सही हाये, पंधरा दिवस. अक्षर ओळखू येते का तुमाले?"

साहेबाने रजिस्टर पुढे ओढलं. योगेशभाऊने वाकून बघितलं आणि तसाच वाकलेला राहिला. बायांच्या बाजूने मैनाबाईचा आवाज आला, "माह्यं हाये ते अक्षर. अन् पंचवीसच भेटलं. खोटं लिवाले मले कोन पगार देऊन राह्यला?"

सतरंजी हसायला लागली. साहेब हसला नाही, तो बारकाईने वेळा बघत होता. वच्छलाबाईने हसणं संपू दिलं.

"योगेशभाऊ, तुमच्या लग्नाले मी होती. पत्रिकेत मुहूर्त होता अकरा पंचावन्नचा. अकरा टिंब पंचावन्न. अक्षता पडल्या अन् पाच मिनिटानं घड्याळात बारा वाजले. तुमच्या ह्या टीव्हीले इचारा, तो म्हनन पंचेचाळीस मिनिटानं वाजले. आता तुमीच सांगा गावाले, तुमचं लग्न खरं का हा टीव्ही."

मग तिने खडू घेतला आणि फळ्यावर तीच वजाबाकी मांडली, जी करिश्माच्या मोबाइलवर झाली होती. एकदा घड्याळाने, एकदा मशीनने. पिंटू चहावाल्यालासुद्धा कळली. साहेबाने तिथूनच अकोल्याला फोन लावला, अश्विनने पलीकडून दोन वाक्यांत कबूल केलं, आणि साहेबाने फोन ठेवून रुमालाने कपाळ पुसलं.

"ठीक आहे," साहेब म्हणाला. "तांत्रिक बाब आहे. नोटीस मागे. माळीपुऱ्याचा वेळ आहे तसाच. वच्छलाबाई कामावर कायम. सचिव, ठराव लिहा आणि पुढचा विषय घ्या."

माळीपुऱ्याच्या बायांनी पदर सावरले, अर्ध्या उठल्यासुद्धा. योगेशभाऊने मोबाइल हातात घेतला. सगळं झालं असं सगळ्यांना वाटलं.

"वाचून दाखवा," वच्छलाबाई म्हणाली.

सचिवाने वाचलं. "पाणी सोडणाऱ्यांनी वेळेच्या नोंदी चुकीच्या पद्धतीने केल्यामुळे आलेखात तफावत आली. यापुढे सर्वांनी योग्य पद्धतीने नोंदी कराव्यात. सबब नोटीस मागे घेण्यात येत आहे."

"खोडा ते."

"बाई, नोटीस मागे घेतली ना," साहेब म्हणाला. "शब्दांवरून कशाला ताणता?"

"शब्दावरूनच तं काढत होते मले. 'नजरचुकीने' असा शब्द होता तो." तिचा आवाज चढला, आणि या वेळी तिने तो उतरवला नाही. "माह्या नोंदीत चूक नाई. एक मिनिट इकडचं तिकडं नाई सात वर्षांत. चूक आलेखात हाये. उद्यापासून दोन टिंबं लिवा म्हनसान तं लिवीन, दहा टिंबं लिवीन, मले काय. पन आजवरी जे लिवलं ते बराबर लिवलं. तसं लिवा."

"त्याने काय फरक पडतो?"

"पिंपळझिऱ्याच्या चंद्रभानले काढलं तुमी. त्याच्या वस्तीतबी असाच लाल खांब होता. ह्या ठरावात 'नोंदी चुकल्या' असं राह्यलं तं उद्या तुमीच त्याले म्हनसान, चूक तुहीच होती, सहीबी तुहीच हाये. म्हून फरक पडते."

साहेबाने सचिवाकडे बघितलं. सचिवाने साहेबाकडे. योगेशभाऊ म्हणाला, "दुसऱ्या गावाचा विषय ह्या सभेत येत नाई."

"अकरा गावाचा आलेख ह्या सभेत येते, मंग गाव कसं येत नाई?"

सचिवाने पेनचं टोपण लावलं. वच्छलाबाई गेली आणि भिंतीला टेकवलेली चावी उचलून टेबलावर आडवी ठेवली, रजिस्टरांवर, ठरावाच्या वहीवर. लोखंडाचा आवाज झाला. "लिवून होईपर्यंत मी इथंच उभी हाये. उद्या सहा दहाले टाकीपाशी जायाचं हाये मले, तवावरी येळ हाये माह्यापाशी. तुमाले नसन तं लवकर लिवा."

जयवंता उठली आणि येऊन जावेच्या शेजारी उभी राहिली. मग मैनाबाई उठायला लागली, गुडघ्यावर हात देऊन, आणि तिला उठताना बघून योगेशभाऊच म्हणाला, "लिवा हो सचिव, काय ते लिवा."

सचिवाने चावीखालून वही ओढून घेतली. 'नोंदी चुकीच्या पद्धतीने केल्यामुळे' यावर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'आलेखात वेळ हा साधा आकडा धरल्यामुळे. नोंदी बरोबर आहेत.' खाली ओळ घातली की सर्व अकरा गावांचे आलेख नव्याने काढावेत आणि त्या आधारे झालेली कारवाई तपासावी. साहेबाने सही केली. वच्छलाबाईने ते दोनदा वाचलं, करिश्माकडून दोन प्रती काढून घेतल्या, आणि मग चावी खांद्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी सात पन्नासला नव्या वस्तीचा व्हॉल्व्ह बंद करून ती जयवंताच्या पोराच्या गाडीवर मागे बसली आणि पिंपळझिऱ्याला गेली. चंद्रभानच्या घराचं दार लावलेलं होतं. आतून त्याची बायको म्हणाली, ते भेटत नाहीत कोणाला.

"भेटू नोका म्हना," वच्छलाबाई दाराबाहेरूनच म्हणाली. "फक्त कपडे घाला म्हना. योजनेच्या कचेरीत जायाचं हाये, मी ओट्यावर बसली हाये."

ती बसली. गल्लीतली दोनचार माणसं थांबली, तिने ठरावाची प्रत त्यांच्या हातात दिली आणि मोठ्याने वाचा म्हणाली. त्यातला एक वाचायला लागला. 'नोंदी बरोबर आहेत' इथपर्यंत तो आला तेव्हा आतली कडी वाजली.